एक वाजता, सव्वा धरा

‘किती वाजता लागलं?’ मी विचारलं.

‘एक वाजता. सव्वा धरा,’ हिंदुराव मुकादम म्हणाला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ते घड्याळ मी स्वतः विकत आणून तिथे लावलं होतं, कारण सरकारी घड्याळ पावणेनऊवर कधीचं थांबलेलं होतं आणि माझ्या कामाला मिनिटं लागत होती.

टेबलावर मल्लू कुसाळकर होता. वय तीस, काळखडीच्या दगडखाणीतला मजूर. सुरुंगाचा बार उडाला तेव्हा एक धोंडा त्याच्या डाव्या कुशीत बसला होता आणि दुसऱ्याने मांडी फाडली होती. डंपरमध्ये पोत्यांवर निजवून त्याला आणलं होतं. नाडी एकशे चाळीस, वरचं ब्लड प्रेशर ऐंशी, पोट हाताला घट्ट लागत होतं. आत रक्त साठत होतं, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

‘चार तास काय करत होतात?’

‘आधी गावातल्या डाक्टरकडं नेलं. त्येनं हात लावला न्हाय. मंग गाडी मिळंना. डंपर समदे माल घिऊन गेल्याले, सायेब.’

उत्तर कसं तोंडावर तयार होतं. मला वाटलं, बरा हुशार माणूस आहे, नाहीतर इथे येणाऱ्या लोकांना नाव विचारलं तरी ते घराण्याचा इतिहास सांगतात.

त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला सगळं माहीत होतं. पुण्यात शिकून सरकारी बंधपत्रावर साताऱ्याच्या पूर्वेकडच्या या कोरड्या तालुक्यात आलो होतो. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. सर्जन नाही, रक्तपेढी नाही. जिल्ह्याचं रुग्णालय दीड तासावर. माझ्याआधीच्या डॉक्टरांची रीत साधी होती, सलाइन लावायचं, पट्टी बांधायची आणि गाडीत घालून पाठवून द्यायचं. माणूस वाटेत गेला तर तो रस्त्यावर गेला, आपल्याकडे नाही.

मी आलो तो बॅगेत छापील कागदांचा गठ्ठा घेऊन. त्यातला एक अभ्यास मला तोंडपाठ होता. चाळीस देश, वीस हजारांवर जखमी माणसं. रक्तस्राव होत असलेल्या जखमीला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन लवकर दिलं तर शंभरात एखाददुसरा माणूस जास्त वाचतो. पहिल्या तासात दिलं तर उत्तम, तीन तासांपर्यंत चांगलं. आणि तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर उलट रक्तस्रावाने जास्त माणसं मरतात. औषध स्वस्त, जुनं, आणि आमच्याच रुग्णालयात होतं. फक्त प्रसूतिगृहाच्या कपाटात, कुलपात, बाळंतिणींसाठी.

ते कुलूप उघडायला मला दोन महिने लागले. किल्ली भिंगारदिवे सिस्टरांच्या कमरेला असायची. चोवीस वर्षं नोकरी झालेली बाई. पहिल्यांदा मागितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सर, बाळंतिणीचं औषध तुम्ही मोटरसायकलवाल्याला देणार, आणि उद्या बाळंतीण अडली तर मी काय करू?’ मी त्यांना तो अभ्यास मराठीत लिहून दिला, दोन पानं. त्यांनी तो वाचला, चार प्रश्न विचारले, आणि पाच इंजेक्शनं अपघात विभागाच्या ट्रेमध्ये आणून ठेवली. पुढे एक मोटरसायकलवाला खरंच वाचला. मग मी भिंतीवर तक्ता लावला. वर मोठं घड्याळ रंगवलेलं, बारा ते तीन हिरवं, बाकी लाल. खाली लिहिलं होतं, ‘इजा होऊन किती वेळ झाला?’ जिल्ह्याच्या साहेबांनी येऊन त्याचा फोटो काढून नेला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

‘चा सांडला,’ मल्लू म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. ‘समदा चा सांडला बग.’

‘बरळतोय,’ मुकादम म्हणाला.

भिंगारदिवे सिस्टरांनी दोन्ही हातांना सुया लावल्या होत्या. मांडी बांधून झाली होती. त्यांच्या हातात ते इंजेक्शन होतं, सिरिंजमध्ये ओढायला घेतलेलं.

‘थांबा, चार तास होऊन गेलेत,’ मी म्हणालो.

त्या थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, हे चार तासांचं वाटत नाही.’

‘कशावरून?’

‘शर्ट बघा. अंगावरचं रक्त ओलं आहे. या उन्हात तासादीड तासात फडकं कडक होतं. मी काय आज बघतेय?’

‘जखमेतून येत असेल.’

‘जखम मांडीला आहे. मी बाहीवरचं म्हणतेय.’

मी बाही पाहिली का? पाहिली. ओली होती. पण बाहीचा ओलेपणा माझ्या कुठल्याच कागदात नव्हता.

मल्लूची बायको दाराशी उभी होती. शेवंता तिचं नाव. ओढणीसारखा पदर दोन्ही हातांत पिळून धरलेला. तिच्या मागे, दाराबाहेर, तिचा भाऊ यशवंता खाली बघत उभा होता. मी पोलीस केसचा कागद आणि पेन घेऊन तिच्यासमोर गेलो. अपघात असला की तो कागद भरावाच लागतो. माहिती देणाऱ्याचं नाव तिथे लिहायचं असतं, आणि मुकादम काही नातेवाईक नव्हता.

‘बाई, किती वाजता लागलं? नक्की सांगा. पोलीस केस आहे.’

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल त्याला गणती नाही. सरळ, स्वच्छ, नियमाला धरून असलेलं वाक्य.

तिने आधी मुकादमाकडे पाहिलं. मग मान वळवून भावाकडे पाहिलं. त्याने वर पाहिलंच नाही.

‘मुकादम म्हनत्यात तसंच,’ ती म्हणाली.

‘म्हणजे किती?’

‘एक वाजता.’

‘बाई घाबरलीया सायेब,’ मुकादम म्हणाला. ‘तिला कशाला तरास. म्या हाय की सांगाय.’

मी एक लिहिलं. ‘पत्नीच्या सांगण्यानुसार’ असंही लिहिलं, ती आमची ठरलेली भाषा आहे. खाली शाईचा पॅड पुढे केला आणि तिचा डावा अंगठा घेतला. जिल्ह्याला पाठवायला संमती आणि दिलेली माहिती खरी आहे, दोन्हीला मिळून एकच अंगठा.

परत टेबलाशी आलो तेव्हा सिस्टरांनी पुन्हा विचारलं, ‘सर, मी तिला आत नेऊन एकदा विचारू का? कशासाठी विचारतोय ते सांगून. दोन मिनिटं लागतील.’

‘विचारलं की मी. दोघंही एकच वेळ सांगतायत.’

‘तुम्ही कागद हातात धरून विचारलंत.’

‘मग काय हात जोडून विचारू?’ मी म्हणालो. मुकादमासमोर एक नर्स मला शिकवतेय हे मला झोंबलं होतं. ‘सिस्टर, तीन तासांनंतर दिलं तर नुकसान होतं. हे मी नाही म्हणत, वीस हजार रुग्ण म्हणतायत. तुम्ही स्वतः वाचलंय.’

‘वाचलंय. पण त्या अभ्यासातली माणसं खरी वेळ सांगत असतील.’

मी ड्रायव्हरला हाक मारली. अँब्युलन्स काढायला सांगितली. सिस्टरांनी ते इंजेक्शन ट्रेमध्ये परत ठेवलं. मग लिननच्या कपाटातून रुग्णालयाचा शिक्का असलेली एक चादर काढली आणि मल्लूला छातीपर्यंत पांघरली. एवढ्या उकाड्यात त्याचे पाय गार पडले होते.

पाच चाळीसला गाडी निघाली. शेवंता मागे बसली, यशवंता पुढे ड्रायव्हरशेजारी. मुकादम मात्र गेला नाही. त्याने बाहेरच्या नळावर हात धुतले, मला नमस्कार केला आणि म्हणाला, ‘लई उपकार झालं सायेब.’ कशाबद्दल, ते मला तेव्हा कळलं नाही.

केसपेपरवर मी शेवटची ओळ लिहिली, ‘इजेनंतर चार तास उलटल्यामुळे सदर इंजेक्शन दिले नाही.’ लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिली. औषध का दिलं नाही याचं कारण लिहिणारा डॉक्टर त्या अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच असेन, असा विचार मनात आल्याचं मला स्पष्ट आठवतं.

आठच्या सुमाराला जिल्ह्याहून फोन आला. ऑपरेशनला आत घेण्याआधीच तो गेला होता. सोनोग्राफीत प्लीहा फुटलेली दिसली होती.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शेवंता आली. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. मी अपघात विभागात एकटाच बसलो होतो, सिस्टर आतल्या खोलीत सामान लावत होत्या.

‘चादर द्याय आले,’ ती म्हणाली.

तिने ती धुतली होती. घडीही आमच्यासारखीच घातली होती, शिक्का वर येईल अशी. डाग पूर्ण गेला नव्हता, पण तिने चांगली घासली असणार. अशी चादर परत करायची असते हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आमच्याकडच्या चादरी जिल्ह्याला गेल्या की तिकडच्याच होतात.

‘ठेवा तिथे,’ मी म्हणालो. मग बरं दिसेना म्हणून म्हटलं, ‘बसा.’

ती बसली नाही. भिंतीकडे बघत उभी राहिली.

‘ह्ये घड्याळ कशाचं काडलंय, सायेब?’

तिला वाचता येत नव्हतं. पण घड्याळ कळत होतं. आणि मला माझ्या तक्त्याबद्दल कुणी विचारलं की मी सांगायला लागायचो, तेव्हा तर फारच. तोंडाने सुरुवात केली आणि डोकं मागून धावत आलं.

‘ते जखमी माणसाला एक इंजेक्शन असतं, रक्त थांबायला मदत करतं. लागल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं. हे हिरवं आहे ना, तेवढ्यात. लाल झालं की द्यायचं नाही.’

‘न्हाय द्याचं?’

‘नाही. त्रास होतो उलट.’

ती तक्त्याजवळ गेली. बोट हवेतच हिरव्या भागावरून फिरवल्यासारखं केलं.

‘मंग ह्येंला दिलं हुतं का?’

‘नाही. चार तास होऊन गेले होते.’

‘न्हाय झालं,’ ती म्हणाली. ‘चारला लागलं. म्या चाराचा चा घिऊन गेल्ते खानीवर. किटली त्येंच्या हातात दिली आन् म्हागं फिरले, तर बार झाला.’

आतल्या खोलीतला सामानाचा आवाज थांबला.

चार वाजता लागलं आणि पाच दहाला माझ्या टेबलावर आला. एक तास दहा मिनिटं. माझ्या घड्याळात तो हिरव्या भागात मधोमध बसत होता.

‘मग एक का सांगितलंत?’

‘बार माझ्या भावानं काडला. यशवंतानं. त्येचा परवाना न्हाय. आन् खानीला बार काडायची परवानगी एक ते दोनच. चार म्हनलीस तर तुजा भाव आत जाईल, असं मुकादम गाडीतच म्हनले. पोलीस पयलं येळच इचारत्यात, म्हनले.’ ती एका सुरात सांगत होती. ‘तुमी पन पयलं येळच इचारली.’

‘मी औषधासाठी विचारली.’

‘तसं न्हाय म्हनलात.’

मी चादरीची घडी उगाच सरळ केली.

‘धनी तर तुमच्या टेबलावर हुतं,’ ती म्हणाली. ‘त्येंची काळजी तुमी घेनार. म्हनून म्या भावाची घेतली.’

आणि मग तिने ते विचारलं, ज्याची मला भीती वाटत होती. रडत नव्हती. दुकानात भाव विचारावा तशा आवाजात विचारलं.

‘मंग म्याच मारलं न्हवं त्येंला?’

मला दोन गोष्टी माहीत होत्या. पहिली अशी की त्या इंजेक्शनाने शंभरात एखाददुसराच जास्त वाचतो. प्लीहा फुटलेला, दीड तासावर ऑपरेशन असलेला मल्लू त्या एकदोघांत असता की उरलेल्यांत, हे जगातला कुठलाही अभ्यास सांगू शकत नाही. हे तिला समजेल अशा शब्दांत सांगता आलं असतं. दुसरी गोष्ट त्याहून सोपी होती. सिस्टरांनी मला ओली बाही दाखवली होती, दोन मिनिटं मागितली होती, आणि मी दिली नव्हती. हे सांगायला तर एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘तुम्ही वेळ खरी सांगायला हवी होती.’

तिने मान हलवली. जणू हे तिला मान्यच होतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

‘मंग आता चार लिवा,’ ती म्हणाली. ‘त्या कागदावर. भाव जाऊ दे तुरुंगात. मुकादमबी जाऊ दे. त्येंनी दुसऱ्या दिशीच पंचनामा करून घेतला, एकचा बार लिवून. तुमी चार लिवलं तर ते खोटं पडंल.’

ती बरोबर बोलत होती. चार लिहिलं असतं तर ते खोटं पडलं असतं. आणि केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं की चार तास उलटल्यामुळे इंजेक्शन दिलं नाही. एका कागदावर चार आणि दुसऱ्यावर पाच दहालाच चार तास उलटल्याचं आलं असतं, तर ते दोन्ही जो कुणी वाचेल त्याने मला एकच प्रश्न विचारला असता.

‘कागद पोलिसांकडे गेला,’ मी म्हणालो. ‘आता बदलता येत नाही.’

‘तुमी सांगिटलं तर?’

‘पत्नीच्या सांगण्यानुसार असं लिहिलंय त्यात. खाली अंगठा तुमचाच आहे.’

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. चादर घासताना निघून गेली असावी, शाई राहिलेली नव्हती. ‘बरं,’ म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. वर्तमानपत्राचा कागद तेवढा टेबलावर राहिला.

भिंगारदिवे सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चादर उचलली, डागाच्या जागी हात फिरवून पाहिला.

‘खरं सांगायला धीर लागतो सर, ते जाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘तिला खोटं तरी सांगायचं होतंत. म्हणायचं, बाई, ते इंजेक्शन त्या दिवशी संपलं होतं.’

माझं बंधपत्र संपेपर्यंतचे सात महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. कामात कधी कसूर केली नाही. पण त्या मला ‘सर’ म्हणायच्या, त्याऐवजी ‘डॉक्टर’ म्हणू लागल्या. काही दिवसांनी ते माझ्या लक्षात आलं. कुणाकडे तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

यशवंताचं काही झालं नाही. खाण चालू राहिली. शेवंता त्या खाणीवरून दुसरीकडे गेली असं ऐकलं, कुठे ते मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या बैठकीत मला बोलायला सांगितलं, नवं संशोधन ग्रामीण भागात कसं वापरावं यावर. मी दोन रुग्ण मांडले. एक मोटरसायकलवाला, वेळेत दिलं म्हणून वाचलेला. आणि दुसरा दगडखाणीतला मजूर, वय तीस, चार तास उलटून गेल्यामुळे दिलं नाही तो. मोह आवरून औषध न देणं हीसुद्धा पुराव्यावर आधारलेली कृती असते, असं मी म्हणालो. मल्लूचं नाव घेतलं नाही, रुग्णाचं नाव घ्यायचं नसतं. टाळ्या पडल्या. साहेबांनी तो तक्ता अकरा रुग्णालयांना लावायला लावला. पुढचं शिक्षण, नोकरी, सगळीकडे तो तक्ता माझ्यापुढे चालत गेला.

आता मी शिकवतो. तक्ता अजून तोच आहे, हिरवा आणि लाल. फक्त मी त्यात खाली एक ओळ वाढवली, ‘वेळ विचारण्याआधी, आपण ती का विचारत आहोत ते सांगा.’ दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी हात वर करतो आणि विचारतो की सर, बाकी सगळ्या ओळींना संदर्भ दिलाय, या ओळीला नाही. ही कुठल्या अभ्यासातली?

मी सांगतो, अनुभवातली. विद्यार्थी ते लिहून घेतात.